मुक्तागिरीचा डोंगर : स्वामित्व आणि अपरिग्रह

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या अचलपूर नगरीचे नाव जैन वाङ्मयात प्राचीन काळापासून आढळते. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी आपल्या प्राकृत व्याकरणात ‘च’ आणि ‘ल’ या वर्णांची अदलाबदल दाखविण्यासाठी याच नगरीच्या नावाचे उदाहरण घेतले आहे. प्राकृत ‘निर्वाणकांड’ या स्तोत्रात अचलपूरच्या ईशान्येस मेंढागिरीच्या शिखरावरून साडेतीन कोटी मुनी मोक्षास गेल्याचे सांगितले आहे. तेच आजचे श्री सिद्धक्षेत्र मुक्तागिरी होय.

परतवाडा-बैतुल मार्गावरील खरपी गावाजवळून मुक्तागिरीकडे वाट जाते. राज्याच्या सीमेनुसार हे क्षेत्र मध्य प्रदेशातील बैतुल जिल्ह्यात येते. श्रद्धेने मात्र ते अचलपूरचेच राहिले आहे. दाट वनराई, पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारा धबधबा आणि त्याच्या आजूबाजूस डोंगरउतारावर विसावलेली ५२ जिनमंदिरे असे येथील दृश्य आहे. ध्यानस्थ मुनींसमोर एक मेंढा कड्यावरून कोसळला, मुनींनी त्याच्या कानी णमोकार मंत्र सांगितला आणि तो जीव देवगतीस गेला, अशी येथील आख्यायिका आहे. या क्षेत्राच्या प्राचीन नावातच एका मुक्या प्राण्याची आठवण जपलेली आहे.

अशा या डोंगरावर इंग्रजी अमदानीत शिकार होत असे आणि पादत्राणे घालून मंदिर परिसरात वावरले जात असे. त्या अवमानाने व्यथित होऊन अचलपूरचे श्री. नत्थुसा पासुसा कळमकर यांनी काही धर्मबंधूंच्या साहाय्याने हे क्षेत्र खापर्डे यांच्या मालगुजारीतून विकत घेतले, असा क्षेत्राचा इतिहास सांगितला जातो. या खरेदीमागे पिकाची, लाकडाची अथवा खंडाची अपेक्षा नव्हती. तेथे पुन्हा कोणी शस्त्र उचलू नये, एवढाच हेतू होता.

अपरिग्रहाचे व्रत सांगणाऱ्या धर्माच्या अनुयायांनी डोंगर विकत घ्यावा, हे वरवर पाहता विसंगत वाटेल. या शंकेचा विचार करताना प्राचीन चीनमधील ताओ परंपरेचे स्मरण होते. ‘ताओ ते चिंग’ हा ८१ लहान अध्यायांचा ग्रंथ लाओत्सू या तत्त्वज्ञाच्या नावाने ओळखला जातो. निसर्ग सर्वांना जन्म देतो, वाढवितो, परंतु कोणावरही मालकी सांगत नाही, हा त्याचा एक प्रमुख विचार आहे. पाणी सर्वांचे हित करीत नम्रपणे सखल जागी जाऊन राहते, म्हणून ते त्याला आदर्श वाटते. ‘वू-वेई’ म्हणजे आळस नव्हे. वस्तूंच्या सहज गतीत बळजबरीने ढवळाढवळ न करणे होय. मुक्तागिरीच्या त्या खरेदीतही हेच दिसते. हाती आलेला अधिकार उपभोगासाठी न वापरता डोंगराला त्याच्या स्वभावाप्रमाणे राहू देण्यासाठी वापरला गेला.

तथापि दोन्ही विचारांतील भेदही ध्यानी घेतला पाहिजे. ताओ परंपरा निसर्गाच्या प्रवाहाशी एकरूप होण्यास सांगते. जैन दर्शनाची दृष्टी त्याहून सूक्ष्म आणि कठोर आहे. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती या सर्वांत एकेंद्रिय जीव आहेत, म्हणून प्रत्येक कृती जपून करावयाची असते. पावसाळ्यात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती वाढते, म्हणून मुनी विहार थांबवून चातुर्मास एके ठिकाणी राहतात. श्रावक पाणी गाळून वापरतात आणि गाळण्यात राहिलेले जीव ‘जीवाणी’ करून त्याच जलाशयात परत सोडतात. साधी राहणी म्हणजे केवळ कमी वस्तूंत समाधान नव्हे. आपल्या वाट्याची जागा आखडून घेऊन इतर जीवांना ती मोकळी करून देणे, हा तिचा खरा अर्थ आहे. जीवांनी परस्परांस उपकारक व्हावे, हा आचार्य उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’तील विचार येथे आचरणात उतरतो.

कोणत्याही विश्वस्त संस्थेच्या दप्तरी जमीन, इमारती आणि ठेवी यांची नोंद असते. त्या नोंदीवरून संस्थेची संपत्ती कळते. तिचे कार्य मात्र त्या संपत्तीच्या आश्रयाने किती जीव निर्भय झाले यावरून ठरते. मुक्तागिरीचा डोंगर विकत घेणाऱ्या पिढीने हा हिशेब ओळखला होता. आज पायऱ्या चढणाऱ्या यात्रेकरूने आपल्यासोबत आणलेला कचरा परत न्यावा, झऱ्याचे पाणी निर्मळ ठेवावे आणि वनातील शांतता भंगू देऊ नये. त्या पूर्वजांचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग नाही.