निजामाची गाडी आणि आमची अ‍ॅम्बॅसडर

हैदराबादला गेलेला माणूस चारमिनार बघतो, बिर्याणी खातो. मीही तेच केले. पण मनात राहिली ती चौमहल्ला राजवाड्यातली पिवळी रोल्स रॉइस! सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी ती मागवली, आणि ऑगस्ट १९११ मध्ये ते वारले. १९१२ ची ही 'सिल्व्हर घोस्ट' मग सातव्या निजामाकडे, उस्मान अली खान यांच्याकडे आली. मागची बैठक सिंहासनासारखी उंच. आजवर जेमतेम साडेतीनशे मैल धावली म्हणतात.

या गाडीला सहा सिलिंडर, प्रत्येकाला दोन प्लग. बॅटरीवर सुरू करायची आणि मग मॅग्नेटोवर चालवायची. त्याच सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची पद्धत १९१० च्या कॅडिलॅकसाठी तयार केली. पुढे आपल्या अ‍ॅम्बॅसडरमध्येही हीच पद्धत आली.

डिस्ट्रिब्युटर म्हणजे पंगतीतला वाढपी. प्रत्येक सिलिंडरला पाळीप्रमाणे ठिणगी वाढायची. पाळी चुकली की इंजिन रुसलेच!

आमच्या अ‍ॅम्बॅसडरचा डिस्ट्रिब्युटर झिजला तेव्हा मेस्त्रींनी दुसरा आणला. नवा म्हणून त्यावर विश्वास टाकला नाही. आधी दांडा हलवून खेळ आहे का पाहिले. पॉइंटमधले अंतर पट्टीने मोजले, इंचाचे पंधरा हजारांश. मग पुलीवरची खूण जुळवून पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणला, रोटरचे तोंड पहिल्या वायरीकडे असल्याची खात्री केली आणि एक-तीन-चार-दोन अशा वायरी लावल्या. शेवटी पॉइंटच्या तारेला व अर्थला बारा व्होल्टचा दिवा जोडला, स्विच चालू केला आणि डिस्ट्रिब्युटर रोटरच्या उलट दिशेने हळूहळू फिरवला. दिवा पेटला, म्हणजे पॉइंट उघडले. तिथेच बोल्ट आवळला.

बाबा मात्र खट्टू. "मूळ पार्ट गेला. आता ही तीच गाडी का?"

"भाई, चालते ती गाडी," मेस्त्री म्हणाले.

हैदराबादचे राज्य १९४८ साली गेले, आमच्याकडचे पोर्तुगीज १९६१ साली. निजामाची गाडी न धावता टिकली; आमची धावून धावून भंगारात गेली. अ‍ॅम्बॅसडरचे उत्पादनही २०१४ मध्ये थांबले. आता ठिणगीची वेळ संगणक ठरवतो. मेस्त्रींच्या मुलाने हे काम शिकून घेतले नाही, आणि त्याला तरी दोष कसा द्यावा?

राजवाड्यातली गाडी सांभाळायला माणसे आहेत. मेस्त्रींची ती दिव्याची युक्ती कुठल्या कपाटात ठेवणार? म्हणून इथे लिहून ठेवली.