बंगालचं मेंढरू, फलटणचं जुळं आणि आपला मटणाचा दर

२०१९ चा शेवट आठवतोय का? मटणाच्या दरावरून कोल्हापुरात लोक रस्त्यावर उतरले होते. कृती समिती झाली, बैठका झाल्या, विक्रेत्यांनी दुकानं बंद ठेवली. मुंबई-दिल्लीच्या चॅनेलवाल्यांना गंमत वाटली, की हे कसलं गाव, मटणासाठी आंदोलन करतंय! आपल्याला त्यात गंमत वाटली नाही. तांबडा-पांढरा हा आपल्याकडं चेष्टेचा विषय नाही.

मीही तेव्हा मलकापुरात बसून त्या बातम्यांवर बातम्या लिहिल्या. परवा जुनी कात्रणं चाळताना एक गोष्ट ध्यानात आली आणि स्वतःचीच लाज वाटली. दर आहे, ग्राहक आहे, विक्रेता आहे, प्रशासन आहे. मेंढी कुठंच नाही. मटण जणू दुकानातच तयार होतं! जनावर किती, ते वर्षाला किती पिलं देतं, ते राखणाऱ्याच्या हाती काय पडतं, यातलं एक वाक्य माझ्या एकाही बातमीत नव्हतं.

म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, रविवारी सवडीनं वाचा.

आपला शाहूवाडी तालुका तसा मेंढरांचा नव्हे. आंब्याकडनं येणारा पाऊस आणि चार महिने चिखल. दख्खनी मेंढी कोरड्या रानाची, तिला ही ओल सोसत नाही. आपल्या डोंगरातले वाडे गवळी धनगरांचे, म्हशी-गाईंचे. मेंढरं येतात ती पाऊस उलगडल्यावर, पूर्वेकडच्या दुष्काळी भागातनं, शेतात बसवायला. रात्रभर कळप रानात बसतो, लेंडीखत पडतं, शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. आपल्याकडं हा धनगर मेंढरालाच ‘बकरी’ म्हणतो, हे नवख्या माणसाला सांगावं लागतं.

अशाच एका वाड्यावर दोन हिवाळ्यांमागं संध्याकाळी बसलो होतो. सहज विचारलं, जुळी कोकरं किती होतात? म्हातारे हसले. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा, की शेकड्यात एखाददुसरी मेंढी जुळं देते, आणि दिलं की डोक्याला ताप होतो. आईला दूध एकाचंच. दुसरं कोकरू माणसानं जगवायचं.

हे उत्तर लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

दख्खनी मेंढी वेताला एक कोकरू देते. शंभर वेतांमागं साधारण शंभर कोकरं, त्यातली काही दगावतात. पूर्वी लोकरीला किंमत होती, घोंगडी विकली जायची. आता घोंगडं पट्टणकोडोलीच्या यात्रेत आणि देवाच्या कामात उरलंय, आणि लोकर कातरायची मजुरीही अंगावर पडते. मधल्या काळात मेरिनो, रँब्युलेट अशा परदेशी जातींशी संकर करून लोकर मऊ करायचे सरकारी प्रयोग झाले. मेंढपाळानं ते फारसे उचलले नाहीत. बरोबरच केलं म्हणायचं. त्याचं पोट लोकरीवर नव्हतंच, कोकरावर होतं. मग संशोधन व्हायला हवं होतं कोकरावर.

ते झालं फलटणला. आपल्यापासून चार-पाच तासांच्या अंतरावर.

फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था, ‘नारी’, १९६८ साली बनबिहारी निंबकरांनी सुरू केली. हे विद्यापीठ नव्हे आणि सरकारी खातंही नव्हे. माळावरची एक खासगी, ना-नफा संस्था. करडई, गोड ज्वारी ही तिची जुनी कामं. १९९० च्या सुमारास तिथं पशुसंवर्धनाचा विभाग सुरू झाला आणि निंबकरांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांनी तो पुढं सांभाळला. त्यांची सगळी संशोधनाची कारकीर्द जवळपास एका प्रश्नाभोवती फिरली आहे. मेंढीला एकाऐवजी दोन कोकरं होतील का, आणि झाली तर ती जगतील का?

या प्रश्नाचं उत्तर आपल्याच देशात होतं. सुंदरबनात. तिथं गारोळ नावाची मेंढी आहे. चणीनं आपल्या दख्खनीच्या निम्मी. गुडघाभर पाण्यात उभी राहून चरणारी. पण जुळं-तिळं देणं हा तिचा नेहमीचा धर्म.

आता या गारोळची एक वेगळीच गोष्ट ऐका. १७९० च्या दशकात, ऑस्ट्रेलियात इंग्रजांची वसाहत नुकती बसत होती, तेव्हा कलकत्त्याहून जहाजानं बंगालची मेंढरं तिकडं गेली. खायला मांस हवं म्हणून. पुढं मेरिनो आली, लोकरीचं साम्राज्य उभं राहिलं, ती बारकी बंगाली मेंढरं कुठल्या कुठं विरून गेली. विसरलीच सगळी.

दीडशे वर्षांनी न्यू साउथ वेल्समध्ये कूमा गावाजवळ ‘बुरूला’ नावाच्या शेतावर सीअर्स नावाच्या भावांच्या मेरिनो मेंढ्या तीन-तीन, चार-चार कोकरं देऊ लागल्या. मेरिनोत हे होत नाही. १९५८ मध्ये तिथल्या सरकारी संशोधन संस्थेनं, म्हणजे सी.एस.आय.आर.ओ.नं, त्यांच्याकडची जनावरं घेऊन वेगळा कळप बांधला. त्या कामात हेलन न्यूटन टर्नर या बाई होत्या. शिक्षणानं वास्तुविशारद. मंदीच्या काळात संशोधन संस्थेत सेक्रेटरीची नोकरी धरली, तिथं संख्याशास्त्राची गोडी लागली आणि मेंढीच्या पैदाशीतल्या जगातल्या मोठ्या जाणकार झाल्या. जुनी कागदपत्रं धुंडाळून त्यांनीच सुचवलं, की या जुळ्या-तिळ्यांचं मूळ त्या बंगालच्या मेंढरांत असावं.

१९८० च्या आसपास संशोधकांच्या ध्यानात आलं, की ही बहुप्रसवता म्हणजे शेकडो बारीकसारीक गुणांची बेरीज नसून एकाच जनुकाचा खेळ आहे. त्याला ‘फेक-बी’ हे नाव पडलं. नक्की कुठलं जनुक, हे कळायला २००१ साल उजाडलं. त्या एका वर्षात न्यूझीलंड, फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या तीन वेगवेगळ्या गटांनी एकच उत्तर दिलं. डी.एन.ए.च्या लांबलचक मजकुरात एका अक्षराचा बदल. त्यामुळं मेंढीच्या अंडाशयात एका वेळी एकाऐवजी जास्त बीजं पिकतात. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, गारोळच्या रक्तात तोच बदल सापडला. टर्नरबाईंचा तर्क बरोबर ठरत होता. बाई १९९५ साली गेल्या, त्यांना हे बघायला मिळालं नाही.

फलटणला गारोळ मेंढ्या या शोधाच्या आधीच, नव्वदच्या दशकात येऊन पोचल्या होत्या. जनुक कुठं आहे हे माहीत नसताना काम चालू होतं, आणि अशा कामाचे कष्ट बातमीत मावत नाहीत. गारोळ आणि दख्खनीचा पहिला संकर केला की जुळं मिळतं, पण जनावर लहान. ते बाजारात कोण घेणार? म्हणून त्या संकराला परत दख्खनी द्यायची, पुढच्या पिढीला परत दख्खनी, मध्ये म्हैसूरकडची बन्नूर. अंगानं दख्खनी होत जायला हवी आणि ते एकच जनुक मात्र हरवता कामा नये. दर पिढीत निम्म्या पिलांतच ते उतरतं. कुठल्या निम्म्यात? मादी असेल तर व्यायची वाट बघा. नर असेल तर त्याच्या लेकी मोठ्या होऊन व्यायची वाट बघा. एका मेंढ्याची परीक्षा घ्यायला वर्षं जायची. २००१ नंतर रक्ताच्या नमुन्यावर काम भागू लागलं आणि ती तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत होऊ लागली.

या प्रकल्पाला ऑस्ट्रेलियाच्या कृषी संशोधन मदत संस्थेचा पैसा होता आणि आर्मिडेलच्या न्यू इंग्लंड विद्यापीठाची साथ होती. चंदाताईंनी पीएच.डी. तिथूनच केली, २००६ मध्ये. पदवी आर्मिडेलची, मेंढरं फलटणची! प्रबंधाचा विषय दख्खनी मेंढीचं कोकरू-उत्पादन सुधारणं हाच. तोवर त्यांची मेंढरांत दहा-पंधरा वर्षं झाली होती. आपल्याकडं आधी पीएच.डी., मग नोकरी, मग जमलंच तर संशोधन, अशी चाल असते. इथं उलटं झालं.

नोव्हेंबर २००८ मध्ये या जनुकावर काम करणारे देशोदेशीचे शास्त्रज्ञ पुण्यात जमले. त्या कार्यशाळेला नाव दिलं होतं हेलन न्यूटन टर्नर यांचं. कलकत्त्याहून गेलेल्या मेंढराचा हिशेब दोनशे वर्षांनी महाराष्ट्रात मांडला गेला, आणि आम्हा पत्रकारांना त्याचा पत्ताही नव्हता. माझ्या कात्रणांत तरी त्या आठवड्याची एक ओळ नाही.

थोडं आडवाटेला जातो. चंदाताईंच्या आई लेखिका जाई निंबकर, आणि जाईताईंच्या आई इरावती कर्वे. इरावतीबाईंनी पीएच.डी. केली बर्लिनला, १९२७ साली निघालेल्या मानववंश आणि आनुवंशिकतेच्या संस्थेत, ऑयगेन फिशर यांच्याकडं. हा फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारा. कवट्यांच्या मोजमापात गोऱ्यांचं वेगळेपण दिसेल अशी त्याची अपेक्षा होती. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसं काही आढळत नाही असं लिहून दिलं. पुढं त्याच संस्थेनं नाझींच्या वंशशुद्धीला शास्त्राचा मुलामा दिला. आनुवंशिकतेच्या शास्त्राचा तो चेहराही जगानं पाहिलाय. मेंढरांच्या कळपातला ‘चांगला नर निवडा’ हा नियम माणसांना लावला की काय होतं, ते आजीनं अगदी जवळून सुरू होताना बघितलं होतं. नातीनं तेच शास्त्र मेंढरापाशी ठेवलं, जिथं त्याची जागा आहे. हे नातं मला मोठं वाटतं, बाकी कुणाला वाटो न वाटो.

तर फलटणच्या कामातनं जी मेंढी तयार झाली तिचं नाव ‘नारी सुवर्णा’. दिसायला आपल्या मेंढीसारखी. जनुकाची एक प्रत असलेल्या मेंढीला शंभर वेतांमागं साधारण दीडशे कोकरं. दोन प्रती असल्या म्हणून फार मोठी भर पडत नाही, आणि तेच बरं. ऑस्ट्रेलियात बुरूला मेरिनो दोन प्रतींवर तीन-चार कोकरं द्यायची आणि त्यातली बरीच मरायची. तिथल्या लोकरवाल्यांनी ती फारशी स्वीकारलीच नाही. आपल्या मेंढपाळाला चार नको आहेत, दोन हवीत. मेंढपाळासाठी युक्ती सोपी आहे. दोन प्रती असलेला मेंढा कळपात सोडायचा. त्याच्या प्रत्येक लेकीत एक प्रत उतरणारच. मेंढ्या विकायला नकोत, नवीन घ्यायला नकोत.

कागदावर इथं गोष्ट संपते. पण वाड्यावरच्या म्हाताऱ्यांचं उत्तर आठवा. दूध एकाचंच.

जनुक जुळं देतं, दूध देत नाही. रोज दहा-पंधरा किलोमीटर चालणारी, वाळक्या कुसळावर जगणारी मेंढी दोन पिलं कशी पोसणार? गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यात आणि व्याल्यावर तिला खुराक हवा, जुळ्यांना वरचं दूध हवं, निवारा हवा. म्हणून नारीनं नुसते मेंढे वाटले नाहीत. मेंढपाळांच्या कळपांत जाऊन कानात बिल्ले मारले, कोकरांची वजनं घेतली, कुठलं जगलं, कुठलं मेलं याच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या. स्वतःच्या फार्मवरचा आकडा आणि धनगराच्या कळपातला आकडा यात फरक पडतो, हे मांडायला धाडस लागतं. पुष्कळ संशोधन फार्मच्या कुंपणाशीच थांबतं.

तरीही एक प्रश्न मला सुटलेला वाटत नाही. ज्याच्याकडं थोडी जमीन आहे, विहीर आहे, मका किंवा लसूणघास आहे, मेंढरं घराजवळ आहेत, त्याला नारी सुवर्णा फायद्याची. जो वर्षातले आठ महिने रस्त्यावर आहे, ज्याला वनखात्याचा गार्ड हाकलतो आणि ज्याच्या जुन्या गायरानात आता सोलर किंवा एम.आय.डी.सी. आहे, त्याला जुळं म्हणजे अजून ताप. शास्त्रानं कोकरू दिलं, पण चराऊ रान देणं शास्त्राच्या हातात नाही, ते आपल्या राज्यकर्त्यांच्या हातात आहे. मेंढपाळांच्या मेळाव्यात आरक्षणावर तासभर बोलणारे पुढारी चराईवर पाच मिनिटं बोलतात का, तुम्हीच बघा.

दुसरीकडं हौसेचा बाजार जोरात आहे. जतकडच्या माडग्याळ मेंढ्याचं नाक किती बाकदार यावर लाखांत किंमत सांगितली जाते, त्याचे व्हिडिओ तुम्ही-आम्ही सगळेच फॉरवर्ड करतो. माझा त्याला विरोध नाही. मेंढपाळाला चार पैसे मिळत असतील तर मिळू देत. पण बाकदार नाकानं मटण वाढत नाही.

बनबिहारी निंबकर २०२१ मध्ये गेले. संस्थेचं काम चालू आहे. एका जनुकामागं तीस वर्षं एकाच गावात काढणं म्हणजे काय, हे मी नीट समजून घेतो आहे, कारण आमच्या धंद्यात एका विषयामागं तीन दिवस काढले तरी वरिष्ठ विचारतात की अजून तेच का.

आता एक विनंती. शाहूवाडी, पन्हाळा किंवा खाली हातकणंगले-कागलकडं कुणाच्या कळपात फलटणचा मेंढा असेल, किंवा त्याच्या लेकी व्याल्या असतील, तर मला कळवा. किती वेतं, किती जुळी, किती जगली, वरचं दूध कुठनं आणलं, एवढं सांगितलंत तरी पुरे. मी वही घेऊन येतो. दिवाळीनंतर पूर्वेकडचे वाडे आपल्या रानात उतरतील, तेव्हा मागच्या म्हाताऱ्यांनाही पुन्हा गाठणार आहे. त्यांना हे सगळं सांगितल्यावर ते काय म्हणतात, ते पुढच्या पोस्टमध्ये.