सैन्यभरतीची चाळणी

बेळगावकरांना कँपातील पहाट नवी नाही. उजाडण्यापूर्वीच कानावर येणारा बिगुल, धावत्या तुकड्यांच्या बुटांचा एकसारखा ताल आणि उस्तादांच्या खणखणीत हाका हा या नगरीच्या दिनक्रमाचाच एक भाग झाला आहे. १९२२ साली हिंदुस्थानी सैन्याची पुनर्रचना झाली; जुन्या मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री उभारण्यात आली आणि तिची प्रशिक्षण पलटण बेळगावी आली. तेव्हापासून सह्याद्रीच्या दोन्ही अंगांची गावे आपली मुले या मैदानावर पाठवीत आली आहेत. इंग्रजी ‘रिक्रूट’ या शब्दाचे छावणीच्या बोलीत ‘रंगरूट’ झाले आणि रंगरूटाचा शिपाई होण्याचा सोहळा म्हणजे कसम परेड. राष्ट्रध्वजासमोर शपथ घेणाऱ्या मुलाकडे गावाहून आलेले आईवडील ज्या नजरेने पाहतात, ती नजर या नगरीने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे.

परंतु कसम परेडच्या रांगेत उभा असलेला तरुण हा एका मोठ्या गणिताचे उत्तर असतो. भरतीच्या मैदानावर किती आले, त्यांपैकी किती पात्र ठरले आणि पात्र ठरलेल्यांपैकी किती जणांनी प्रशिक्षण पुरे केले, अशी ही तीन पायऱ्यांची वजाबाकी आहे. हे आकडे तरुणांच्या बळाचे मोजमाप करतात असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास मात्र काही वेगळेच सांगतो. चाळणीतून किती धान्य खाली पडले हे जितके धान्यावर, तितकेच चाळणीच्या भोकांवर अवलंबून असते. आणि ती भोके कोणी, केव्हा व कशासाठी पाडली, हा प्रश्न सैन्याच्या इतिहासाइतकाच समाजाच्या इतिहासाचाही आहे.

मुंबई इलाख्याच्या सैन्यात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही चाळणी बऱ्यापैकी मोकळी होती. मराठा, महार, मुसलमान, परदेशी अशा नाना समाजांतील शिपाई एकाच पलटणीत खांद्याला खांदा लावून उभे राहत. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीच्या काठी कोरेगाव येथे पेशव्यांच्या फौजेशी झालेल्या लढाईत कंपनीच्या मुंबई पायदळाची जी पलटण लढली, तिच्यात महार शिपायांचा भरणा मोठा होता. कोरेगावच्या स्तंभावर कोरलेल्या मृतांच्या यादीतील ‘नाक’ या अंत्यपदाची नावे त्याची साक्ष देतात. गावात ज्याला पाणवठ्यावर पाय ठेवण्याची मुभा नव्हती, तो पलटणीत हवालदार होई, सुभेदार होई. सैन्यातील नोकरी म्हणजे नियमित पगार, निवृत्तिवेतन आणि पलटणीच्या शाळेत अक्षरओळख. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापकही होते. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला, यामागे हीच पार्श्वभूमी आहे.

नेमक्या याच सुमारास चाळणी बदलली. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्‌स यांचा ‘लढवय्या जमाती’च्या सिद्धान्तावर दृढ विश्वास होता. उत्तरेकडील पंजाबी, पठाण व गुरखे हेच खरे योद्धे. दक्षिणेकडील आणि पश्चिमेकडील लोकांचे रक्त दीर्घकाळच्या शांततेने निवले, असे हे मत होते. परिणामी मुंबई व मद्रास येथील पलटणींचे महत्त्व घटू लागले. त्यातच एकेका जातीच्या स्वतंत्र कंपन्या करण्याचे धोरण आले आणि १८९२च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. या निर्णयात कोणा तरुणाची छाती मोजली गेली नाही, उंची पाहिली गेली नाही, दौड घेतली गेली नाही. मैदानावर पाऊल टाकण्यापूर्वीच तो अपात्र ठरला.

या एका हुकमाने काय हिरावले गेले, हे ज्यांनी ती नोकरी केली होती त्यांनाच अचूक कळले. १८८६ साली सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीस स्थायिक झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली भरती पुन्हा सुरू करावी म्हणून सरसेनापतींसाठी अर्जाचा मसुदा तयार केला. पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने दख्खनमधील महारांनी थेट विलायतेतील भारतमंत्र्यांकडे अर्ज केला आणि सैन्यात व पोलिसात आपल्या लोकांना प्रवेश मिळावा अशी मागणी केली. या अर्जांमागे केवळ पोटाची चिंता नव्हती. गावगाड्याबाहेर पडून माणूस म्हणून उभे राहण्याची जी एक वाट उघडली होती, ती बंद होत असल्याची ती व्यथा होती.

हिंदुस्थानात जन्मावरून चाळणी लावणाऱ्या राज्यकर्त्यांवर त्याच वेळी स्वदेशात वेगळाच प्रसंग ओढवला होता. १८९९ साली दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले आणि इंग्लंडच्या औद्योगिक शहरांतून तरुण भरतीसाठी पुढे आले. अर्नोल्ड व्हाइट यांनी १९०१ साली प्रसिद्ध केलेली मँचेस्टरची आकडेवारी वाचून सारा देश हादरला. अकरा-बारा हजार इच्छुकांपैकी सुमारे आठ हजार जण सरळ नाकारले गेले आणि सर्व दृष्टींनी धडधाकट असे जेमतेम हजार-बाराशेच निघाले. पाठोपाठ १९०२ साली मेजर जनरल सर फ्रेडरिक मॉरिस यांनी टोपणनावाने लिहिलेल्या लेखात हिशेब आणखी पुढे नेला. त्यांनी केवळ भरतीच्या दारावरचे आकडे पाहिले नाहीत. दोन वर्षांनंतर कामाचा शिपाई म्हणून कितीजण उरतात हे पाहिले. त्यांचा निष्कर्ष असा होता की, सैन्यात येऊ इच्छिणाऱ्या पाचांपैकी दोनच टिकतात. उरलेले तीन दारावरच नाकारले जातात किंवा आत येऊन प्रकृतीपायी गळतात.

ज्यांच्या साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता, त्यांच्याच राजधानीत आता ‘आपला वंश क्षीण होत आहे काय?’ अशी चर्चा सुरू झाली. नेमलेल्या समितीने १९०४ साली अहवाल दिला. वंश पिढीजात खालावत असल्याचा पुरावा समितीला सापडला नाही. सापडली ती अर्धपोटी मुले, कोंदट चाळी आणि धुराने भरलेली शहरे. दोष रक्तात नव्हता, परिस्थितीत होता. या चर्चेचे फलित म्हणून १९०६ साली शाळकरी मुलांना भोजन देण्याचा आणि १९०७ साली शाळांमधून वैद्यकीय तपासणी करण्याचा कायदा झाला. इंग्लंडमधील शालेय भोजनाचा इतिहास असा भरतीच्या मैदानापाशी येऊन भिडतो. तरीही सुधारणा मंदगतीनेच झाली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षात, १९१७-१८ मध्ये, ब्रिटनमध्ये सुमारे २४ लाख वैद्यकीय तपासण्या झाल्या; त्यांत पहिल्या श्रेणीस उतरलेले अवघे ३६ टक्के होते आणि सुमारे १० टक्के सर्वस्वी अपात्र ठरले. सशक्त तरुण त्यापूर्वीच मोठ्या संख्येने रणांगणावर गेले होते हे लक्षात घेतले, तरी हा आकडा विचार करायला लावणारा आहे.

गरज पडली की चाळणीची भोके रुंदावतात, हा नियम या महायुद्धाने दोन्ही देशांत सिद्ध केला. ब्रिटनमध्ये उंचीची अट पाच फूट तीन इंचांची असताना त्याहून ठेंगण्या कामगारांच्या ‘बँटम’ पलटणी १९१४च्या अखेरीस उभ्या राहू लागल्या. हिंदुस्थानातून युद्धकाळात पावणेनऊ लाखांहून अधिक लढाऊ शिपाई भरती झाले आणि तेवढी माणसे मोजक्या ‘लढवय्या’ जमातींतून मिळणे अशक्य असल्याने इतरांसाठीही दार किलकिले झाले. ज्यांच्या रक्ताविषयी शंका घेतली गेली होती, त्या मराठा पलटणी मेसोपोटेमियाच्या वाळवंटात लढल्या. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात त्यांनी उपासमार सोसली आणि ११७ व्या मराठा पलटणीला पुढे ‘रॉयल’ हा किताब मिळाला. १९१७ साली ‘१११ वी महार’ ही पलटणही उभी राहिली. पण युद्ध संपताच चाळणी पुन्हा आवळली गेली आणि १९२१ साली ती पलटण मोडण्यात आली. माणसे तीच होती. फक्त गरज सरली होती.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न पुन्हा उभा राहिला तेव्हा मात्र मागणी करणारा आवाज अर्जदाराचा राहिला नव्हता. १९४१ साली व्हाइसरॉयांच्या संरक्षणविषयक मंडळावर नियुक्त झालेल्या डॉ. आंबेडकरांनी महार पलटणीचा आग्रह धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली ती याच बेळगावात. तिच्या प्रारंभीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. सुमारे अर्धशतकापूर्वी बंद केलेले दार ज्या ठिकाणी कायमचे उघडले, ते ठिकाण आपल्या नगरीच्या हद्दीत आहे, याची जाणीव बेळगावकर वाचकाने अवश्य बाळगावी. लढवय्या जमातींच्या सिद्धान्ताला उत्तर मराठा लाइट इन्फंट्रीनेही दिले. इटलीच्या रणभूमीवर १९४४ साली नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर आणि १९४५ साली शिपाई नामदेव जाधव यांना, असे दोन व्हिक्टोरिया क्रॉस तिच्या नावावर नोंदले गेले.

या युद्धात हिंदुस्थानी सैन्य सुमारे दोन लाखांवरून पंचवीस लाखांच्या घरात गेले. भरतीस येणाऱ्या अनेकांचे वजन नियमात बसत नव्हते. ती मर्यादा सैल करावी लागली. मग एक साधी गोष्ट ध्यानात आली. नेमून दिलेला शिधा पोटात गेल्यावर चार महिन्यांच्या आतच या रंगरुटांची वजने पाच-दहा पौंडांनी वाढत होती. हे तरुण दुबळे नव्हते, भुकेले होते. ज्या देशात १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली, तेथे सैन्याच्या तराजूने खेड्यापाड्यांतील रित्या मडक्यांचीच मोजदाद केली होती. १९०४ साली इंग्लंडच्या समितीला जे दिसले, तेच येथेही दिसले. 

यातूनच प्रशिक्षण ही दुसरी चाळणी कशी असावी याचा बोध होतो. भरतीचे काम निवडण्याचे आहे. प्रशिक्षणाचे काम घडविण्याचे आहे. आत आलेला रंगरूट गळाला, तर त्यात शिकविणाऱ्याचाही वाटा असतो. बलाढ्य अमेरिकेलाही हा धडा अलीकडे नव्याने गिरवावा लागला. तेथील संरक्षण खात्याच्या २०२०च्या पाहणीनुसार १७ ते २४ वयोगटातील ७७ टक्के तरुण सवलतीवाचून भरतीस पात्र ठरत नव्हते. त्यांतील एक मोठे कारण भूक नव्हे, तर अतिरिक्त वजन हे होते. तेव्हा ऑगस्ट २०२२ पासून साउथ कॅरोलायनातील फोर्ट जॅक्सन येथे, वजनात किंवा लेखी परीक्षेत थोडक्यात हुकलेल्या तरुणांना परत न पाठविता आधी तयार करण्याचा वर्ग सुरू करण्यात आला, आणि त्यांतील बहुसंख्य पुढे मूळ प्रशिक्षणात दाखल झाले.

आपल्याकडे १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांच्या सेवेनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांनाच कायम करण्याच्या तरतुदीने वजाबाकीची आणखी एक पायरी वाढली. पुढील वर्षापासून आधी संगणकावरील लेखी परीक्षा व नंतर मैदान असा क्रम आला. म्हणजे चाळणी पुन्हा बदलली. माळरानावर पहाटे १.६ किलोमीटरची दौड काढणाऱ्या, पुल-अप्स मोजणाऱ्या आणि नऊ फुटांच्या खड्ड्यावरून उडी घेणाऱ्या खेड्यातील मुलाला आता अभ्यासाच्या पुस्तकाचीही गरज आहे. जे गाव त्याला केवळ मैदान देते आणि वाचनाची खोली देत नाही, ते त्याला अर्ध्या वाटेवरच सोडते. ग्रंथालयाने ओळखावे असे आपले स्थान येथे आहे.

भरतीच्या मैदानावरून परतणाऱ्या मुलाला ‘तू कमी पडलास’ असे सांगणे सोपे असते. सव्वाशे वर्षांचा हा इतिहास मात्र आपल्याला आणखी एक प्रश्न विचारायला शिकवितो: त्याच्या वाट्याला आलेली भाकरी, शाळा आणि संधी तर कमी पडली नव्हती ना? त्या प्रश्नाचे उत्तर सैन्याने नव्हे, समाजाने द्यावयाचे असते.