नसलेल्या मुलखाची मोजणी

जमिनीवरून भांडणारी माणसं आपण रोज बघतो. पण जी जमीन मुळात नाहीच, तिची फुकटात मोजणी करणाऱ्यांना मात्र मी हात जोडले!

१९८१ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या एका पुस्तिकेत काल्पनिक खंडाचा नकाशा छापून आला. या जगाला पुढे मिस्टारा म्हणू लागले. नकाशा सगळा षटकोनी घरांचा, एकेक घर २४ मैलांचं. षटकोनच का? तर चौकोनात तिरपं गेलं की अंतर ४१ टक्क्यांनी वाढतं. षटकोनाचे सहाही शेजारी सारख्याच अंतरावर. (शेजाऱ्यांना असंच ठेवावं.) १९८७ पासून कंपनीने एकेका राज्याचे ८ मैली नकाशे काढले. म्हणजे जुन्या एका घराच्या जागेत नवी नऊ! साहजिकच इथला तपशील तिथे जुळेना. त्यात नव्वदच्या दशकात कंपनीने हे जग वाऱ्यावर सोडलं.

खेळणाऱ्यांनी नाही सोडलं. नोकरी-संसार सांभाळून ही मंडळी घर न् घर पुन्हा रंगवतात, कागदाला कागद लावून बघतात. डोंगर एक घर सरकवायचा तर पुरावा काढतात, वाद घालतात. आणि एखादी नदी न तुटता या नकाशातून त्या नकाशात गेली, की कोण आनंद! पाणी कुणालाच मिळणार नसतं.