धुळाक्षरांचा न्यूयॉर्कपर्यंतचा प्रवास

आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत धूळपाटी असे. तिच्यावर बारीक धूळ पसरून मूल बोटाने अक्षर काढी. जरा पुढे गेलेली थोरली मुले धाकट्यांकडून ते गिरवून घेत व परवचा म्हणवीत. पंतोजी एक आणि पोरे पुष्कळ, त्यांतून ही सोय निघाली.

वाळूत अक्षरे काढणारी अशीच मुले 1789 च्या सुमारास मद्रासमध्ये अँड्र्यू बेल ह्या पाद्र्याच्या दृष्टीस पडली. आपल्या अनाथालयात त्याने ती रीत चालविली व 1797 साली लंडनमध्ये तिच्यावर पुस्तक छापले. पुढे जोसेफ लँकेस्टरने तिचा व्याप वाढविला. 1806 साली न्यूयॉर्कमध्ये फ्री स्कूल सोसायटीने गरिबांच्या मुलांसाठी जी शाळा उघडली, ती ह्याच पद्धतीची. नवशिकी मुले वाळूच्या मेजावर बोटाने अक्षरे गिरवीत आणि मोठे विद्यार्थी एकेका टोळीस पाठ देत. शेकडो मुलांस एक मास्तर पुरे होई. घोकंपट्टी मात्र फार, आणि शिक्षा लाजविणाऱ्या. अर्थात पंतोजींची छडीही काही मवाळ नव्हती!

लँकेस्टर 1838 साली न्यूयॉर्कमध्येच वारला. त्याच वर्षी मे महिन्यात 'व्हिटबी' व 'हेस्पेरस' ही जहाजे गिरमिटियांना घेऊन ब्रिटिश गियानास लागली. मॉरिशसची वाट त्याआधीच, 1834 पासून, सुरू झाली होती व रत्नागिरीकडील आपली माणसेही तिकडे गेली. त्यांच्या मुलांच्या भाषेसाठी कोणी सोसायटी स्थापली नाही. दिवसभर उसात राबलेल्या मंडळींनीच पुढे गवती छपराच्या बैठका उभारल्या व संध्याकाळी दिव्याच्या उजेडात मुलांकडून अक्षरे गिरवून घेतली.