मेणबत्तीच्या बरणीतला मलेरिया

आजच्या भागाची सुरुवात एका कबुलीने करते. मला मलेरिया झाला होता, डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या आणि मी त्या पाचव्या दिवशी बंद केल्या. ताप गेला होता, परीक्षा जवळ आली होती, आणि गोळी घेतली की पोटात ढवळायचं. कारणं काय, भरपूर असतात. साडेतीन महिन्यांनी एका दुपारी कुडकुडत मी पुन्हा त्याच दवाखान्यात बसले होते.

त्यातली गंमत अशी की तेव्हा मी एमएस्सीचं प्रोजेक्ट करत होते, आणि तेही मलेरियावरच. रोज सकाळी लॅबमध्ये जाऊन मी मलेरियाचे परजीवी वाढवायचे. लॅबमधल्या मलेरियाने मला काही केलं नाही. ताप आला तो हॉस्टेलमागच्या बांधकामावर साठलेल्या पाण्यातल्या डासांमुळे. दुसऱ्यांदा ताप उतरल्यावर मी मोठ्या उत्साहात मॅडमना म्हटलं, "मॅडम, माझ्याच रक्तातला घेऊन वाढवूया का?" त्या हसल्या. "तुझा व्हायवॅक्स आहे गं. तो नाही वाढत. आपल्याकडे जो आहे तो फाल्सिपेरम."

आजची गोष्ट याच वाक्याची आहे. एक वाढतो, दुसरा वाढत नाही, आणि या फरकाची किंमत माणसांनी मोजली आहे.

डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी असतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला पाहिलं. ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते. पण शत्रू सापडला म्हणजे तो हातात आला असं नाही. एखादं औषध चालतं का हे बघायचं तर परजीवी आपल्यासमोर जिवंत हवा, आणि आज आहे तसा पुढच्या महिन्यातही हवा. बॅक्टेरियाचं काम तुलनेने सोपं, आगरच्या प्लेटवर ठेवले की बरेचसे वाढतात. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीच्या आत शिरून राहतो. त्याला पाळायचं म्हणजे त्याचं घरही पाळायचं.

१९१२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या चार्ल्स बास आणि फॉस्टर जॉन्स यांनी रुग्णाच्या रक्तात थोडी साखर घालून परजीवी नळीत काही पिढ्या वाढवून दाखवले. मोठीच गोष्ट होती. पण काही पिढ्यांनंतर सगळं थंड. पुढची साठ वर्षं कितीतरी लोकांनी प्रयत्न केले आणि गाडी तिथेच अडकत राहिली.

मग तोपर्यंत मलेरिया ठेवायचा कशात? पक्ष्यांचा मलेरिया पक्ष्यांत, माकडांचा माकडांत. आणि माणसाचा? माणसांत.

हे मी अलंकारिक बोलत नाहीये. व्हिएन्नाच्या वाग्नर-याउरेग यांनी १९१७ मध्ये सिफिलिसमुळे मेंदू बिघडलेल्या रुग्णांना मुद्दाम मलेरिया दिला. कडक तापाने त्यांची अवस्था सुधारते असं दिसलं, आणि १९२७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मग या उपचारासाठी मलेरियाचा नियमित पुरवठा लागू लागला. इंग्लंडमध्ये एप्सम गावच्या हॉर्टन मनोरुग्णालयात १९२५ पासून मादागास्कर नावाचा व्हायवॅक्सचा वाण ठेवला गेला. ठेवला म्हणजे डास रुग्णाला चावायचे, रुग्णाला ताप यायचा, त्याच्या रक्तावर पुन्हा नवे डास सोडायचे, ते पुढच्या रुग्णाला चावायचे. अशी वर्षानुवर्षं साखळी. आपल्याकडे घरात विरजण कसं चालू ठेवतात, कालच्या दह्यातला चमचा आजच्या दुधात? तसंच. फक्त इथे दुधाच्या जागी माणूस.

दुसऱ्या महायुद्धात हे अजून पुढे गेलं. पॅसिफिकच्या बेटांवर अमेरिकी सैनिक मलेरियाने आडवे होत होते आणि क्विनीनचा साठा जपानच्या ताब्यात गेला होता. शिकागोजवळच्या स्टेटव्हिल तुरुंगात चारशेहून जास्त कैद्यांना डास चाववून मलेरिया दिला गेला आणि त्यांच्यावर औषधं तपासली गेली. त्यांनी संमतीपत्रावर सह्या केल्या होत्या हे खरं. पण ज्याच्या डोक्यात शिक्षा कमी होईल का हा विचार आहे, त्याच्या सहीला किती अर्थ? युद्धानंतर न्युरेम्बर्गच्या खटल्यात नाझी डॉक्टरांच्या वकिलांनी नेमका हाच मुद्दा काढला, की तुम्हीही तुरुंगात हेच करत होता की. आणि खटला संपला तरी स्टेटव्हिलचे प्रयोग १९७४ पर्यंत चालू राहिले.

व्हायवॅक्स यकृतात झोपून राहतो आणि महिन्यांनी उठतो. त्याला यकृतात गाठून मारणारं औषध म्हणजे प्रायमाक्विन, आणि त्याचं बरंचसं तपासकाम याच तुरुंगात झालं. काही लोकांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात, त्यामागे जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते, हेही तिथल्या कैद्यांच्या रक्तातूनच १९५६ मध्ये कळलं. मी पाचव्या दिवशी बंद केलेली गोळी हीच.

आता मेणबत्तीकडे येऊ.

विल्यम ट्रेगर, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातले. आयुष्यभर परजीवींना शरीराबाहेर जगवायच्या मागे लागलेला माणूस. बदकांच्या मलेरियावर त्यांची कित्येक वर्षं गेली होती. १९७६ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, ते आणि त्यांच्याकडे आलेला तरुण संशोधक जेम्स जेन्सन यांनी 'सायन्स' मासिकात छापलं की फाल्सिपेरम आता माणसाच्या तांबड्या पेशींत सतत वाढवता येतो. सुरुवातीचं रक्त एका माकडाचं होतं. दर तीन-चार दिवसांनी ताज्या मानवी पेशी घालत गेले, आणि मूळ रक्त दहा कोटी पटींहून जास्त पातळ झालं तरी परजीवी वाढतच होते. विरजण लागलं, मंडळी. या वेळी माणसाशिवाय.

केलं काय असं? मला विचाराल तर त्यांनी लाड कमी केले. आपल्याला वाटतं जिवंत गोष्टीला भरपूर हवा पाहिजे. पण फाल्सिपेरम वाढतो तो शरीराच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्यांत चिकटून, जिथे ऑक्सिजन कमी असतो. बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन त्याला जास्त होतो. ट्रेगर-जेन्सन यांनी ऑक्सिजन उतरवला, कार्बन डायऑक्साइड वाढवला. मीडियम घेतला तो आरपीएमआय १६४०, जो मुळात ल्युकेमियाच्या पेशींसाठी बनवलेला बाजारातला माल होता. त्यात माणसाचं सीरम, आणि खाली पेशींचा पातळ थर न ढवळता शांत बसलेला.

आणि ती हवा तयार करायला महागडी मशीन नको. झाकणाला तोटी असलेली काचेची मोठी बरणी घ्यायची, आत पेट्री डिश ठेवायच्या, शेजारी एक साधी पांढरी मेणबत्ती पेटवायची आणि झाकण लावायचं. ज्योत विझायला आली की तोटी बंद. मेणबत्तीने ऑक्सिजन जेवढा खायचा तेवढा खाल्लेला असतो. बरणी उचलून इनक्युबेटरमध्ये. पुढच्याच वर्षी त्यांनी हेही दाखवलं की रक्तपेढीतलं मुदत संपलेलं रक्तसुद्धा चालतं. म्हणजे ज्या देशांत मलेरिया आहे, पण पैसा नाही, तिथल्या लॅबलाही हे जमणार होतं.

मी पहिल्यांदा ती बरणी पाहिली तेव्हा मला वाटलं लाईट गेल्यावरची सोय आहे.

पण कल्चर चालू ठेवणं ही वेगळी कटकट आहे. सुट्टी नाही, दिवाळी नाही. एकदा बुरशी शिरली की सगळं ओतून द्यायचं. शिवाय फार काळ बाहेर वाढवला की परजीवी बदलतो. डासात जाणारी नर-मादी रूपं बनवणंच सोडून देतो, कारण इथे डास आहे कुठे? म्हणून सुरुवातीचाच वाण गोठवून ठेवावा लागतो, द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर.

नुसतं गोठवलं तर बर्फ पेशी फाडतो. त्यावरचा उपाय १९४९ मध्ये लंडनला जवळजवळ चुकूनच सापडला. पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स कोंबड्याचं वीर्य साखरेच्या द्रावणात गोठवून बघत होते आणि काही केल्या जमत नव्हतं. एक बाटली मात्र चालली. तपासलं तर त्यात ती साखर नव्हतीच, ग्लिसरॉल होतं. लेबलांची अदलाबदल! आजही मलेरिया गोठवताना ग्लिसरॉलच घालतात. वितळवताना मात्र घाई चालत नाही. एकदम मीडियममध्ये टाकलं तर पेशी पाणी ओढून फुटतात. आधी खूप खारं पाणी, मग कमी खारं, असं थेंबाथेंबाने घालायचं. माझी पहिली नळी मी घाईत अशीच फोडली. मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त वहीत फ्रीजरमधल्या नळ्यांचा आकडा एकने कमी केला. ते जास्त लागलं.

या नळ्यांमुळे काय झालं बघा. ॲमस्टरडॅमच्या शिपोल विमानतळाजवळ राहणाऱ्या, देशाबाहेर कधीच न गेलेल्या एका व्यक्तीला मलेरिया झाला. विमानातून आलेला डास असणार. त्या रक्तातून एनएफ५४ हा वाण आला, त्यातून थ्रीडी७, आणि २००२ मध्ये फाल्सिपेरमचा जो पहिला जीनोम वाचला गेला तो याच थ्रीडी७चा. पुढे फ्रान्समध्ये टांझानियाचा एक वाण पाच वर्षं आर्टेमिसिनिनच्या वाढत्या डोसमध्ये ठेवला. त्यातून के१३ या जनुकातला बदल हाती लागला, आणि कंबोडियातल्या रुग्णांत औषध का कमी पडतंय हे २०१४ मध्ये कळलं. पाच वर्षं औषधाचा मारा, कुणालाही ताप न आणता.

हे सगळं फाल्सिपेरमचं. व्हायवॅक्स अजूनही अडून बसलाय. त्याला नुकत्याच तयार झालेल्या कोवळ्या तांबड्या पेशीच लागतात, ज्या आपल्या रक्तात शंभरात एखादी असतात. त्यामुळे व्हायवॅक्सवर काम करणाऱ्यांना आजही ताज्या रुग्णाचं रक्त लागतं, तेही थोड्याच वेळात वापरावं लागतं. बरणी तीच, मेणबत्ती तीच, आणि तो दोन-तीन दिवसांत मान टाकतो.

त्या दिवशी मॅडमनी दवाखान्यातून माझी स्लाइड मागवून घेतली आणि मला मायक्रोस्कोपखाली दाखवली. आमच्या फाल्सिपेरमच्या पेशी आपल्या आकारातच असतात. माझ्या फुगलेल्या होत्या, आत गुलाबी ठिपके पसरलेले, मधोमध परजीवी वेडावाकडा पसरलेला. मॅडम म्हणाल्या, "नीट बघून घे, हा फ्रीजरमध्ये जाणार नाहीये." मग विचारलं, "आज कितवी गोळी?"

"तिसरी," मी म्हटलं. त्यांनी पर्समधून बिस्किटाचा पुडा काढला, म्हणाल्या रिकाम्या पोटी घेत जाऊ नकोस, आणि पुढचे अकरा दिवस रोज अकरा वाजता माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.