सोळाव्या वर्षीचं लायसन्स आणि लुना

पनवेलकरांनो, कॉलेज सुटताना गेटबाहेर जरा थांबून बघा. अकरावी-बारावीची पोरं, स्कूटरवर ट्रिपल सीट. लायसन्स आलं कुठून?

एके काळी सायकलला दिवा नसला तरी हवालदार धरायचा. मग 1972 ला लुना आली. 50 सीसीची, पायडल मारलं की सुटली. पोरं सायकलवरून थेट तिच्यावर बसली. मोटार वाहन कायदा 1988 चा. त्यात सोळाव्या वर्षी मुभा आहे ती 50 सीसीपर्यंतच्याच दुचाकीला. आता शोरूममध्ये मिळते 110 सीसी, तिला अठरा पूर्ण लागतात. गाडी गेली, कलम तेवढं राहिलं! आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोराच्या हाती गाडी सापडली तर पालकाला 25 हजार दंड, शिवाय तीन वर्षांपर्यंत कैद.

म्हणून काही पालक ताशी 25 किमीच्या आतली बॅटरी स्कूटर घेऊन देतात. तिला लायसन्स नको, हेल्मेटची सक्ती नाही. डोकं मात्र तेच, आणि आवारातून चालणारी पोरंही तीच.

कॉलेजांनी जूनपासून गेटवर लायसन्स-हेल्मेट बघावं, आवारात गाडी ढकलतच न्यायला लावावी. बॅटरीवालीसुद्धा.